काळी तीन माळ्यावर

६ जानेवारी

व्याहीबुवा,

नमस्कार. लग्नाच्या दिवशी पियानो तुमच्या दारात उतरत होता तेव्हा तुम्ही चार लोकांत म्हणालात, "व्याह्यांना काय, फुकटात पडला. धंदाच त्यांचा." मी हसलो, कारण मुलीच्या बापाने त्या दिवशी हसायचंच असतं. आता चार महिने झालेत, तर खरा हिशेब कळवून टाकतो.

एका बंद पडलेल्या हॉटेलच्या तळघरातून तो पियानो उचलला. त्याबदल्यात माझी सायकल गेली, आणि हॉटेलवाल्याच्या बहिणीचा पियानो तीन वर्षं फुकट लावून द्यायचा शब्द गेला. (ती बहीण बोलकी आहे. तीन वर्षं फार होतात.) दोनशे वीस तारांपैकी एकशे चाळीस बदलल्या. हातोड्यांवरचा नमदा उंदरांनी आपल्या संसाराला नेला होता, तो नवा बसवला. दोन हिवाळे गेले. पाठीची एक शीर गेली, ती अजून परत आलेली नाही. बैठकीच्या खोलीची चौकट काढल्याशिवाय पियानो बाहेर निघेना. चौकट परत बसवली, पण दार तेव्हापासून लागत नाही. त्या दारापायी बायकोने अकरा दिवस अबोला धरला. त्यातले शेवटचे चार, खरं सांगायचं तर, मीच लांबवले. आणि लेक गेली. पियानोमागून तीही निघाली आहे हे मला टेंपो कोपऱ्यावर वळेपर्यंत नीटसं उमगलं नव्हतं. एवढं सोडलं तर फुकटातच पडला.

आता कामाचं. तुमच्या गावच्या सभागृहात मैफिलीचा मोठा पियानो आलाय आणि तो दर महिन्याला लावायला माणूस हवाय, असं लेकीकडून कळलं. समितीचे चिटणीस तुम्ही. माझा अर्ज सोबत आहे. शिक्षण सातवीपर्यंत, पुढचं सगळं कानाने. चाळीस वर्षं हेच करतोय. पैशासाठी अडलेलं नाही. पण महिन्यातून एक खेप तिकडे झाली तर लेक दिसेल. तुम्ही म्हणाल, एरवी या की! मला ते जमत नाही हो. जन्मभर लोकांच्या घरात हत्यारांची पिशवी घेऊनच शिरलो. हात रिकामे असले की दारात उभं कसं राहावं तेच कळत नाही.

आपला,
व्याही

~

१९ जानेवारी

विषय: पियानो लावणाऱ्याच्या जागेसाठी आपला अर्ज.
संदर्भ: आपले ६ जानेवारीचे पत्र.

व्याहीबुवा, नमस्कार.

फोनवरचं बोलणं पुराव्यात धरता येत नाही, म्हणून हे लेखी. आपला अर्ज समितीपुढे ठेवायला मला आनंदच आहे. पण वजनमापं निरीक्षक म्हणून मी चौतीस वर्षं नोकरी केली. सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानातला तराजूही मी जप्त केला होता. तो अजून आमच्याकडे जेवत नाही. तेव्हा व्याही आहेत म्हणून तपासणी न करता शिफारस करणं माझ्याच्याने झालं नाही.

सूर मोजायचं एक ॲप मिळतं. ते फोनवर घेतलं आणि आपण स्वतः लावून पाठवलेला पियानो तपासला. दोन शेजारच्या सुरांमधल्या अंतराचे ते शंभर भाग करतं आणि सूर किती भाग चुकला ते दाखवतं. सूनबाईने पट्ट्यांची नावं सांगितली: पांढऱ्या एक ते सात, काळ्या एक ते पाच. लिहिताना हात जड होतोय. बारापैकी दहा सूर चुकलेले निघाले. पांढरी चार आठ भाग जास्त, पांढरी सात चार भाग कमी. बाकीचे इथे लिहीत नाही, आपल्याला त्रास होईल. भाजीवाल्याच्या वजनात एवढी तफावत निघाली असती तर मी पंचनामा केला असता.

व्याहीबुवा, राग मानू नका. आपलं वय बासष्ट. माझे डोळे अधू झाले, कुणाचे गुडघे जातात, तसे कुणाचे कान. यात कमीपणा काही नाही. मी ही गोष्ट अगदी गुप्त ठेवली आहे. फक्त आमच्या घरात, म्हणजे आपल्या विहीणबाईंना, चिरंजीवांना, सूनबाईला, आणि विश्वासात घेऊन समितीच्या अध्यक्षांना सांगितलं. ते दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या ओळखीत कानांचे डॉक्टर आहेत. अर्ज तूर्त बाजूला ठेवला आहे.

आपला हितचिंतक व्याही

~

२१ जानेवारी

बाबा,

सासऱ्यांचं पत्र आलं असेल. तीन दिवस ते लिहीत होते. जेवताना मधेच थांबून म्हणायचे, "'अधू' जरा लागेल का त्यांना?"

तुम्हाला खरंच कमी ऐकू येतंय का? परवा आईंनी फोनवर तुमच्याशी एवढ्या मोठ्याने बोलायला सुरुवात केली की खालच्या मजल्यावरचे काका वर आले. तुम्हाला काही कळलं नसेल, तुम्ही म्हणालात "विहीणबाईंचा आवाज आज छान लागलाय."

मला तर पियानो चुकलेला वाटत नाही. उलट माझ्या क्लासमधल्या पियानोपेक्षा हा गोड आहे, हे मी पहिल्या दिवशीच यांना म्हटलं होतं. पण मला माहेरचं सगळंच गोड लागतं, त्यामुळे माझी साक्ष इथे धरत नाहीत.

कान तपासून घ्या. काही नसेल तर नाही निघणार. आणि ती जागा मिळवा बाबा. लग्नानंतर तुम्ही एकदाही आला नाहीत. हे मी लिहिणार नव्हते.

तुमची लेक

~

२७ जानेवारी

व्याहीबुवा,

पत्र वाचून आधी हसलो, मग चिडलो, मग हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं. दार लागत नाही म्हणून चार महिने सांगतेय, ते कुठे ऐकू येतं तुम्हाला?" म्हणजे साक्षीदार तुमच्या बाजूचा निघाला.

माझे कान ठणठणीत आहेत. पियानो मी मुद्दाम तसा लावला आहे.

तुम्ही मापाचे माणूस, तुम्हाला लगेच पटेल. एका सुरापासून सुरू करा. सा वरून पंचमावर जा, त्या पंचमाला सा धरून त्याच्या पंचमावर जा, अशा बारा उड्या मारा. बाराव्या उडीला तुम्ही घरी परत यायला हवं. येत नाही. दाराच्या थोडं पुढे पाय पडतो, साधारण अर्ध्या सुराच्या पावभर. प्रत्येक उडी अगदी चोख मारली तरी हा तुकडा उरतोच. यात माझा दोष नाही, तुमचा नाही, जगच तसं बनलंय.

म्हणजे घर बारा खोल्यांचं आणि पसारा गाडीभर. तो कुठे ठेवायचा? आजकालचे लोक काय करतात, बाराही खोल्यांत सारखा पसरतात. कुठल्याही खोलीत जा, थोडी थोडी अडगळ पायात येणारच. कुणी तक्रार करत नाही, कारण मोकळी खोली कुणी पाहिलेलीच नसते. तुमचं ॲप यालाच बरोबर म्हणतं. जुनी रीत वेगळी. पाहुणे बसतात, मुलं खेळतात, त्या खोल्या मोकळ्या ठेवायच्या आणि पसारा नेऊन माळ्यावर टाकायचा. माळ्यावर रोज कोण जातं?

माझी लेक वाजवते ते सगळं पांढरी एक, पांढरी चार, पांढरी पाच या पट्ट्यांत. त्या तीन खोल्या मी तिला लख्ख झाडून दिल्या. नव्या घरात पहिलं वर्ष कठीण असतं, निदान पियानो तरी गोड बोलावा. काळी तीन म्हणजे आमचा माळा. त्या पट्टीत काही वाजवाल तर प्रत्येक सुरावळीत, म्हणजे एकदम दाबलेल्या तीन सुरांत, खडे लागतील. पण तिथे ती जात नाही. तुम्हाला हे आधी सांगायला हवं होतं. पण लग्नाच्या मांडवात व्याह्याला बाजूला घेऊन असलं काही सांगितलं असतं तर तुम्ही मुलगी परत पाठवली असती.

अजून विश्वास बसत नसेल तर असं करा. तुम्ही मला दोनच आकडे कळवलेत. बाकीचे मी इथे खुर्चीत बसून सांगतो. पांढरी सहाला शून्य धरा. काळी एक तिच्या बरोबरीने शून्यच. पांढरी एक सहा भाग वर, पांढरी दोन दोन भाग वर, पांढरी तीन दोन खाली, पांढरी पाच चार वर. काळी दोन चार वर, काळी तीन दोन खाली, काळी चार दोन वर, काळी पाच सहा वर. चार महिन्यांच्या हवेने एखादा भाग इकडेतिकडे झाला असेल, तो सोडा. ॲप लावा, घरातले साक्षीदार बसवा आणि पडताळा. माणूस बहिरा असला तर चुकतो हे मान्य. पण तो ठरवून, मोजून, आठच्या जागी आठ आणि दोनच्या जागी दोन असा चुकेल का?

माझ्या कानांवर शंका घेणारे तुम्ही पहिले. व्याही आहात म्हणून सोडतो.

आपला,
ठणठणीत कानांचा व्याही

ता. क. विहीणबाईंना सांगा, फोन कानापासून हातभर लांब धरूनही त्यांचं सगळं ऐकू आलं.

~

९ फेब्रुवारी

विषय: आपल्या दाव्याची पडताळणी.
संदर्भ: आपले २७ जानेवारीचे पत्र.

व्याहीबुवा,

पडताळणी ४ तारखेला सायंकाळी पाच वाजता बैठकीच्या खोलीत झाली. साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरचे काका आणि समितीचे अध्यक्ष. सूनबाईने एकेक सूर वाजवला, मी आकडा मोठ्याने वाचला, अध्यक्षांनी आपल्या पत्रातला आकडा वाचला. दहापैकी नऊ तंतोतंत. काळी चार एक भाग सरकली होती, पण ती खिडकीच्या बाजूला नसूनही का सरकली याची चौकशी मी चालू ठेवली आहे.

व्याहीबुवा, मी आपली माफी मागतो. लेखी मागतो, म्हणजे आपल्याला जपून ठेवता येईल. चौतीस वर्षं मी समजत होतो की चूक म्हणजे निष्काळजीपणा नाहीतर लबाडी. चूक इतकी काटेकोर असू शकते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री सूनबाईला मी पांढरी एकमध्ये काहीतरी वाजवायला लावलं, मग तेच काळी तीनमध्ये. फरक मला कळला! आमच्या घरात म्हणाली, "एक स्वच्छ आणि दुसरं तोंड वेंगाडून." मला इतकं नेमकं कळलं नाही, पण काहीतरी निश्चित कळलं.

आता आनंदाची बातमी. सभागृहाचा पियानोही घरच्यासारखा असमान पद्धतीनेच लावावा असा ठराव मी मांडला. अध्यक्षांनी विचारलं, "नवा कोरा पियानो आपणच बिघडवून घ्यायचा?" मी त्यांना बारा खोल्यांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले की त्यांच्या धंद्यात माळा नसतो, अडगळ दिसली की उपटायची. तरी ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी पास झाला. मात्र त्यांनी एक अट घातली. २ मार्चला उद्घाटनाची मैफिल आहे. बाहेरगावच्या नामांकित गायिका येतात, पियानोवर त्यांचा साथीदार. त्यांची तक्रार आली नाही तर जागा आपली. आली तर यंत्रावर सूर मिळवून देणारा एक तरुण आहे, त्याला नेमायचं. तो अध्यक्षांचा रुग्ण आहे, आणि त्याच्या चार दाढांचं काम अजून बाकी आहे.

बाईंची पट्टी पांढरी पाच. संपूर्ण कार्यक्रम त्याच पट्टीत. लेखी मागवून घेतलंय.

आपला व्याही

~

१५ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

माफी मिळाली, जपून ठेवतो. हिने ती फ्रिजवर लावली आहे.

पांढरी पाच म्हणजे दुधात साखर. ती खोली अशी झाडून देतो की बाईंना वाटेल, सूर त्यांच्याच गळ्यातून निघतोय. २८ ला येतो, दोन दिवस पियानोसोबत घालवतो. नव्या तारा हट्टी असतात, एकदा सांगून ऐकत नाहीत.

एक विनंती. माझी आकड्यांची यादी आता खिशात ठेवा. पाहुण्यांना दिवाणखाना दाखवावा, अडगळ कुठे रचली आहे ते सांगत फिरू नये. लेक सांगत होती की तुम्ही यादीच्या प्रती काढून वाचनालयाच्या फलकावर लावल्या आहेत. हे खोटं असेल असं मी धरून चालतो.

आणि राहायला मी लॉजवर उतरेन. कामाच्या दिवसांत मी कुणाशी धड बोलत नाही. लेकीला पाहिलं की मन हलतं, मन हललं की हात हलतो, आणि इथे केसभर हललं की झालं. मैफिल पार पडू दे. मग जागा आपली, मग दर महिन्याला आहेच.

आपला व्याही

~

२ मार्च, दुपारी चार
(सभागृहाच्या कार्यालयातून, चिठ्ठी पियानोपाशी हातोहात)

व्याहीबुवा, तातडीचे. बाईंचा घसा बसला आहे. साथीदाराला म्हणाल्या की आज सगळंच अर्धा सूर खाली घ्यायचं. म्हणजे पांढरी पाचवरून काळी तीन. काळी तीन कशी आहे? उत्तर याच कागदाच्या मागे लिहावं, नोंदीला लागेल.

(मागच्या बाजूला)

काळी तीन माळ्यावर आहे. दुसरी पट्टी नाही का घेता येणार? पुन्हा सगळं लावायला मला तीन तास लागतील.

(खाली, वेगळ्या शाईत)

दारं साडेपाचला उघडणार. बाई वाफारा घेत आहेत, दार लावलंय, मी ठोठावलं तर आतून फक्त खोकला. काय करू?

(सर्वांत खाली)

काही करू नका. मी हॉलच्या मागे बसतो.

~

६ मार्च

व्याहीबुवा,

त्या दिवशी कुणालाही न भेटता निघालो. चूक माझी. शेवटच्या टाळ्या सुरू झाल्या तसा उठलो, पिशवी उचलली आणि गाडी पकडली. लेक मंचावर साथीदाराची पानं उलटायला बसली होती, तिचा चेहरा बघायचं धाडस झालं नाही. तिचे फोन घेतले नाहीत, हेही लिहून ठेवतो, नाहीतर तुम्ही विचाराल.

शेवटच्या रांगेत खांबामागे बसलो होतो. मंच दिसत नव्हता, पण मला दिसायचं काय कारण? डोळे मिटले. पहिल्या सुरावळीला मला कळलं. काळी तीन! घर झाडून सगळा पसारा ज्या खोलीत कोंबला, तिथेच पाहुण्यांना जेवायला बसवलंय. प्रत्येक सुरावळ दात खात होती. तीनही सूर एकमेकांना अंगठे दाखवत होते. सुरांचे हेलकावे इतके जोराचे की मी खुर्चीचा हात धरून बसलो.

आणि लोक! शेजारच्या बाई पहिल्या गाण्यालाच डोळे पुसायला लागल्या. पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला, "काय दर्द आहे." अहो, दर्द कसला, माझी अडगळ होती ती! तिसऱ्या गाण्यानंतर टाळ्या थांबेनात. म्हणजे मी माळ्यावर कोंबलेली घाण सातशे माणसांनी व्यथा समजून घेतली. तुमचे अध्यक्षही वाहवा करत होते. तुम्हीही, माफ करा, मी ऐकलं तुम्हाला.

मला मान्य आहे की मी वरवर जिंकलो. तक्रार कुणाचीच नव्हती. जागा माझी. दोन दिवस मनाशी झगडलो. ही म्हणाली, "कुणाला कळलं नाही ना? मग गप्प बसा आणि दर महिन्याला पोरीला भेटून या." बरोबरच आहे तिचं. पण व्याहीबुवा, चाळीस वर्षं मी एकाच गोष्टीवर भाकरी खाल्ली. लोकांना ऐकू येत नाही ते मला ऐकू येतं. सातशे माणसांत ती खरखर एकट्या मला ऐकू आली. गायिकेला नाही, साथीदाराला नाही, समितीला नाही. तुमचं ॲप तिथे असतं तरी त्याने आकडा दाखवला असता, खुर्चीचा हात धरला नसता. असा कान देव एखाद्यालाच देतो, आणि अशा कानाच्या माणसाने वाईट लावलेल्या पियानोवर लोकांच्या अज्ञानाचा पगार घेऊ नये.

म्हणून माझा अर्ज मी मागे घेतो. कृपा करून नोंद करा. लेकीला मीच सांगतो. पत्र लिहून सांगतो, फोनवर नको.

आपला,
व्याही

~

१९ मार्च

विषय: अर्ज मागे घेण्याबाबत, व इतर.
संदर्भ: आपले ६ मार्चचे पत्र.

व्याहीबुवा,

आपलं पत्र ९ तारखेला पोचलं. समितीची सभा १० ला होती. चिटणीस म्हणून आलेलं पत्र वाचून दाखवणं मला भाग होतं, ते मी वाचून दाखवलं. खिशात ठेवून, सभा उरकून, आपल्याला फोन करावा, असं आमच्या घरात दहादा म्हणाली. ती म्हणाली तसं केलं असतं तर बरं झालं असतं, हे आता मलाही दिसतंय. पण आलेली डाक दाबून ठेवणारा चिटणीस आणि खोटं वजन वापरणारा दुकानदार यांत मला आयुष्यभर फरक करता आलेला नाही.

त्याच सभेत गायिकाबाईंचं पत्रही वाचलं गेलं. त्या लिहितात की इतक्या वर्षांत घसा बसलेला असताना पियानोने इतकी मायेने साथ केल्याचं त्यांना आठवत नाही, आणि हा पियानो ज्याने लावला त्याचं नाव त्यांना कळवावं. समितीची पाचही मतं आपल्या बाजूने पडणार होती. अध्यक्षांचंसुद्धा, दाढांचं काय ते नंतर बघू, असं ते म्हणाले. पण अर्ज मागे घेतल्याची नोंद आधी झाली होती, आणि नोंदवही खोडता येत नाही. तरुण यंत्रवाल्याला एक वर्षासाठी नेमलं आहे. सोमवारी येऊन त्याने पियानो लावला. बाराही सूर शून्यावर. मी मोजले. मला पहिल्यांदाच ते शून्य बघून आनंद झाला नाही.

सूनबाई रडली. नंतर हसली, आणि ते जास्त वाईट होतं. आपल्याला काय लिहावं ते तिला सुचत नाही, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. आमच्या घरातून निरोप आहे की आपण दोघं पुढच्या महिन्यात चार दिवस राहायला यावं. काम काही नाही. हे निमंत्रण आहे, ठराव नाही, त्यामुळे याला वेगळा विषय आणि संदर्भ घातलेला नाही. मी स्टेशनवर येईन. आपण दारात कसं उभं राहायचं ते ठरवेपर्यंत मी बाजूला उभा राहीन.

आता मैफिलीबद्दल. आपण शेवटच्या रांगेत खांबामागे होतात, सूनबाई साथीदाराच्या डाव्या हाताशी होती, म्हणून तिची साक्ष घेतली. पाच वाजता, आपण हॉलबाहेर असताना, पियानो जरा चाचपून बघताना साथीदाराने काळी तीनमध्ये दोन सुरावळी वाजवल्या, तोंड वाकडं केलं, "ही पट्टी नको," म्हणाला, आणि बाईंच्या खोलीत जाऊन त्यांना आणखी अर्धा सूर खाली उतरवून आला. मला हे त्याने कळवलं नाही, त्यामुळे माझ्या चिठ्ठीतली माहिती अपुरी होती. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत संपूर्ण कार्यक्रम पांढरी चारमध्ये, आपण लख्ख झाडलेल्या तीन खोल्यांपैकी एकीत, झाला.

आपला व्याही